काटेवाडीच्या शारदाबाई

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बारामती मागे टाकून थोडे पुढे गेले म्हणजे काटेवाडी हे गाव लागते. आषाढी वारीच्या दिवसांत संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने पंढरपुरास जाते. पालखी काटेवाडीच्या वेशीत येताच परीट मंडळी तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतात; आणि मेंढपाळ आपल्या मेंढ्या पालखीभोवती गोल धावडवितात. मेंढ्यांचे हे रिंगण पाहण्यास पंचक्रोशीतील माणसे लोटतात. टाळमृदंगाचा गजर, मेंढ्यांच्या खुरांनी उडालेली धूळ आणि पावसाची वाट पाहणारी रानेे असे ते दृश्य असते. पालखी पुढे भवानीनगर, सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरास पोचते आणि काटेवाडी पुन्हा आपल्या शेतीच्या कामास लागते. या गावात एके काळी एक विलक्षण कर्तृत्ववान स्त्री राहत होती. तिचे नाव शारदाबाई गोविंदराव पवार. तिची मुले तिला बाई म्हणत, आणि पुढे पुष्कळांच्या तोंडी तेच नाव बसले.

शारदाबाईंचे चरित्र समजण्यासाठी प्रथम हा मुलूख समजला पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकता सरकता विरळ होत जातो. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या वाट्यास त्यातील थोडेच थेंब येतात. ज्वारी, बाजरी पिकली तर पिकली, नाही तर जनावरे घेऊन गाव सोडावे, अशी येथील शेतकऱ्याची पिढ्यान् पिढ्यांची स्थिती होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने नीरा नदीचे पाणी डाव्या कालव्याने या भागात आणले. कालव्याच्या काठची काळी जमीन उसाने हिरवीगार झाली. परंतु कालव्याचे पाणी ज्याच्या शेतात पोचले तो बागाईतदार आणि ज्याच्या शेतात पोचले नाही तो जिराईतदार, असे एकाच गावाचे दोन भाग पडले. शिवाय उसाला भांडवल फार लागते. खत, पेंड, बेणे, मजुरी यांसाठी शेतकरी सावकाराकडे जाई, गूळ तयार झाला की तो आडत्याच्या दारात जाई, आणि हिशेब संपल्यावर शेतकऱ्याच्या हाती फारसे काही उरत नसे. पाणी आले, पण सुबत्ता सर्वांपर्यंत आली नाही. शारदाबाई ज्या घरात सून म्हणून आल्या, त्या घराचे सारे आयुष्य याच प्रश्नाशी बांधलेले होते.

त्यांचे माहेर मात्र येथून दूर, कोल्हापूरकडील गोलिवडे या गावी. तेथे 12 डिसेंबर 1911 रोजी त्यांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी राजर्षी शाहू महाराज होते. महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडली आणि शिक्षण ही मूठभरांची मिरासदारी नाही हे कृतीने दाखविले. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे वारेही त्या भागातील खेड्यापाड्यांत वाहत होते. लहानग्या शारदेचे बालपण अशा हवेत गेले.

मुलगी चार अक्षरे शिकली तर घरातील पत्र वाचील, याहून अधिक अपेक्षा त्या काळी फारसे कोणी ठेवीत नसे. शेतकरी कुटुंबातील मुलींची गोष्ट तर बोलावयासच नको. परंतु शारदेला शिकण्यासाठी पुण्यात राहावयास मिळाले आणि सेवासदन या संस्थेत तिचे शिक्षण झाले. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 साली पुण्यात सुरू झालेली ही संस्था स्त्रियांना लिहिणे-वाचणे, शिवणकाम, शुश्रूषा इत्यादी विषय शिकवून त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास साहाय्य करी. तेथे बालविधवा येत, परित्यक्ता येत, खेड्यातील मुली येत. आपली बाजू चारचौघांत कशी मांडावी, हिशेब कसा ठेवावा, वर्तमानपत्र कसे वाचावे, हे शारदा तेथे शिकली. पुण्यातील या थोड्या वर्षांचे मोल पुढे साऱ्या घराण्यास कळावयाचे होते.

यथाकाल त्यांचा विवाह गोविंदराव पवार यांच्याशी झाला. पवारांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील नांदवळ. पोटामागे फिरत हे कुटुंब बारामतीच्या बाजूस येऊन स्थिरावले होते. गोविंदराव हे मितभाषी, सचोटीचे व सत्यशोधक विचारांचे गृहस्थ होते. बारामतीस नीरा कालव्याच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर खरेदी-विक्री संघ उभारला होता. शेतकऱ्यांचा माल एकत्र विकावा आणि त्यांना लागणाऱ्या वस्तू एकत्र खरेदी कराव्या, म्हणजे मधल्या मध्ये जाणारा पैसा वाचेल, हे या संघाचे सूत्र. गोविंदराव या संघाचे काम पाहत. ऊन असो, पाऊस असो, ते आपल्या कचेरीच्या कामात गढलेले असत. त्यामुळे घर, मुले आणि शेती हा सर्व भार शारदाबाईंच्या खांद्यांवर आला.

हा भार लहान नव्हता. सात मुलगे आणि चार मुली अशी त्यांची अकरा अपत्ये. घरात नोकरचाकरांचा राबता नव्हता. पहाटे उठून जनावरांचे पाहावे, स्वयंपाक उरकावा, मुलांना शाळेस धाडावे आणि पदर खोचून शेताकडे निघावे, असा त्यांचा नित्यक्रम असे. पिकांची पाळी, पाण्याची पाळी, मजुरांचा रोज, बाजारभाव हे सर्व त्यांना मुखोद्गत असे. शेतातील भाजीपाला बारामतीच्या बाजारात नेऊन विकण्याचे काम त्या मुलांकडे सोपवीत. गोविंदरावांची मुले भाजीच्या जुड्या घेऊन बाजारात बसतात याचा कोणाला कमीपणा वाटला असेल तर वाटो. शारदाबाईंना तो वाटत नसे. मेथीची जुडी विकणाऱ्या मुलास पैशाचा हिशेब कळतो आणि गिऱ्हाइकाचा स्वभावही कळतो. पुढे त्या मुलांपैकी एकाला हजारो माणसांची नावे लक्षात ठेवावी लागली, तेव्हा हे शिक्षण त्याच्या कामास आले असले पाहिजे.

आता शारदाबाईंच्या आयुष्यातील ज्या घटनेमुळे त्यांचे नाव पुणे जिल्ह्यात सर्वतोमुखी झाले, तिच्याकडे वळू.

मुलांनो, आज प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा परिषद असते हे तुम्ही जाणता. ही व्यवस्था महाराष्ट्रात 1962 साली आली. त्यापूर्वी जिल्ह्याचा स्थानिक कारभार जिल्हा लोकल बोर्ड पाही. शेतकरी जो शेतसारा भरी, त्यावर लोकल फंडाची पट्टी बसे. ती पट्टी आणि सरकारी अनुदान यांतून बोर्डाने खेड्यापाड्यांतील रस्ते, विहिरी, दवाखाने, धर्मशाळा, देवी टोचण्याची व्यवस्था अशी कामे करावयाची. पैसा थोडा आणि मागणी अपार. कोणत्या गावाचा रस्ता आधी करावा, कोणत्या वाडीस विहीर द्यावी, यांवरून बोर्डाच्या सभेत खडाजंगी होत असे. सभासद बहुधा गावोगावचे पाटील, वकील, सावकार आणि बागाईतदार. फेटे, पगड्या आणि टोप्या यांच्या त्या मेळाव्यात स्त्रीने सभासद म्हणून जाऊन बसावे, ही कल्पनाच पुष्कळांना नवलाची वाटे.

मुंबई इलाख्यात 1937 साली बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि खेड्यांतही नवी जाग दिसू लागली. पुढील वर्षी, म्हणजे 1938 साली, पुणे जिल्हा लोकल बोर्डाची निवडणूक आली. तीत शारदाबाई पवार सभासद म्हणून निवडून आल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. पदरी लहान मुले होती. सभा पुण्यास, आणि पुणे बारामतीपासून सुमारे शंभर किलोमीटरांवर. अशा स्थितीत एखाद्या स्त्रीने नम्रपणे नकार दिला असता तर कोणीही तिला दोष दिला नसता. घरच्यांनी अडविले असते तरी लोकांनी घरच्यांचीच बाजू घेतली असती. परंतु गोविंदरावांनी अडविले नाही आणि शारदाबाईंनी नकार दिला नाही. गोविंदरावांचा हा वाटा लहान मानू नये. पत्नी सभेस गेली असता घरी थांबणारा नवरा त्या काळी चेष्टेचा विषय होई.

शारदाबाई या कामात 1952 सालापर्यंत, म्हणजे चौदा वर्षे राहिल्या. महायुद्ध आले, धान्याची टंचाई आली, बेचाळीसची चळवळ आली, देश स्वतंत्र झाला; या साऱ्या काळात बारामतीची ही शेतकरी स्त्री कागदपत्रांचे बाड घेऊन पुण्यास सभेस जात होती. सेवासदनात शिकलेला हिशेब आणि बाजारात कळलेला भाव हे दोन्ही तिच्या गाठीस होते. ज्या पट्टीतून हा पैसा येतो, ती आपल्यासारख्याच शेतकऱ्याने भरलेली आहे, हे तिला कोणी सांगावे लागत नव्हते.

सभेस जाणे म्हणजे केवढे व्रत त्यांनी मानले होते, हे 1940 सालच्या डिसेंबर महिन्यातील एका प्रसंगावरून दिसते. त्या महिन्याच्या बारा तारखेस, शारदाबाईंच्या एकोणतिसाव्या वाढदिवशीच, त्यांना मुलगा झाला. आई आणि मुलगा यांची जन्मतिथी एकच असणे ही योगायोगाची गोष्ट. मुलाचे नाव शरद ठेवण्यात आले. बाळंतीण स्त्रीने निदान दहा दिवस खोलीबाहेर पडू नये, असा तेव्हाचा दंडक. परंतु लोकल बोर्डाची सभा जवळ आली होती. शारदाबाईंनी तीन दिवसांच्या बाळास दुपट्यात गुंडाळले, मोटारीत बसल्या आणि पुण्याची वाट धरली. त्या काळचे रस्ते कसे होते, मोटारी कशा हिसके देत चालत आणि डिसेंबरची थंडी कशी बोचते, याची कल्पना तुम्हीच करा. आजचे डॉक्टर यास संमती देणार नाहीत, आणि खरे पाहता देऊही नये. परंतु शारदाबाई सभेस हजर राहिल्या, बाळासह. तो मुलगा मोठेपणी आपण तिसऱ्याच दिवशी लोकल बोर्डाच्या सभेस गेलो होतो, असे कौतुकाने सांगत असे.

अशा धावपळीत असतानाच त्यांच्यावर एक कठीण प्रसंग ओढवला. गावाकडे एक माजलेला वळू मोकाट फिरत असे. तो उभ्या पिकात शिरून नासधूस करी. माणसांच्या अंगावरही जाई. अखेर त्याच्यावर गोळी झाडण्यात आली. वळू कोसळला, परंतु त्याचा प्राण गेला नाही. मुक्या जनावराची ती तडफड शारदाबाईंना पाहवेना. त्या जवळ गेल्या आणि त्याच्या अंगावरून मायेने हात फिरवू लागल्या. तोच, वेदनेने बेभान झालेला तो वळू एकाएकी उठला आणि त्याने त्यांच्यावर चाल केली. त्या धडकेत त्यांच्या पायाचे हाड मोडले. दीर्घकाळ रुग्णालयात काढावा लागला, शस्त्रक्रिया झाली. परंतु पाय पूर्ववत झाला नाही. त्यानंतर जन्मभर त्या कुबड्यांच्या आधाराने चालल्या.

शेतीवर ज्या घराचा निर्वाह, त्या घरच्या कर्त्या स्त्रीचा पाय निकामी होणे म्हणजे केवढा आघात! खाली बसून भाकरी थापावयाची, बांधावरून चालावयाचे, मोटारीची पायरी चढावयाची, ही रोजची कामेच अवघड होऊन बसली. एवढे होऊनही शारदाबाईंनी अंथरूण धरले नाही. त्या कुबड्या घेऊन शेतात उभ्या राहत. कुबड्या घेऊन सभेस जात. मुलांनी आईस रडताना पाहिले नाही असे नव्हे, पण आपल्या दुखण्याचे गाऱ्हाणे सांगत बसलेली मात्र त्यांनी तिला पाहिली नाही.

मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत त्यांचा कटाक्ष फार कडक होता. मुलगा असो वा मुलगी, शिकले पाहिजे. आणि काय शिकावयाचे हे ज्याच्या त्याच्या कलाने ठरले पाहिजे. थोरले वसंतराव वकील झाले. दिनकरराव, ज्यांना लोक आप्पासाहेब म्हणत, त्यांनी शेतीचा ध्यास घेतला. अनंतराव काही काळ मुंबईस चित्रपटांच्या धंद्यात गेले. प्रतापरावांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि पुढे ते उद्योग व वृत्तपत्र या क्षेत्रांत गेले. आप्पासाहेब प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात काम करू लागले, तेव्हा धाकट्या शरदला त्यांच्याकडे शिकावयास ठेवण्यात आले. एका भावाने दुसऱ्यास हात द्यावा, दुसऱ्याने तिसऱ्यास, अशी त्या घराची रीत पडून गेली. मुलींनाही याच रीतीने शिकविण्यात आले. घरात पुस्तके येत, वर्तमानपत्रे येत. रात्री जेवणानंतर देशातील घडामोडींवर चर्चा होई आणि त्या चर्चेत लहान मुलासही आपले मत सांगण्याची मुभा असे.

मात्र या मुभेची खरी कसोटी पुढे लागली.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसमधील काही पुढाऱ्यांस असे वाटू लागले की शेतकरी व कामकरी यांचे प्रश्न या पक्षात राहून सुटणार नाहीत. केशवराव जेधे, शंकरराव मोरे इत्यादी पुढाऱ्यांनी 1948 च्या सुमारास शेतकरी कामगार पक्षाची उभारणी केली. खेड्यांतील बहुजन समाजात या पक्षाचा फार बोलबाला झाला. पवारांचे घरही या पक्षाकडे वळले. शारदाबाईंचा या विचारांवर दृढ विश्वास होता, आणि वसंतराव त्या पक्षाचे कार्यकर्ते झाले. पुढे केशवराव जेधे स्वतः काँग्रेसमध्ये परतले आणि 1957 साली बारामती मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. परंतु काटेवाडीचे घर आपल्या मताशी ठाम राहिले. एक मुलगा मात्र निराळा निघाला. पुण्यास महाविद्यालयात शिकणारा शरद काँग्रेसच्या विचाराकडे ओढला गेला आणि युवकांच्या कामात रमू लागला.

केशवराव जेधे 1959 च्या नोव्हेंबरमध्ये निवर्तले. त्यांच्या रिकाम्या जागेसाठी 1960 साली बारामतीस पोटनिवडणूक जाहीर झाली. तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा काळ होता. काँग्रेस आणि संयुक्त महाराष्ट्र समिती यांच्यात मोठी चुरस होती. काँग्रेसने केशवरावांचे चिरंजीव गुलाबराव जेधे यांस उभे केले. आणि त्यांच्या विरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार म्हणून उभे राहिले ते शारदाबाईंचे ज्येष्ठ पुत्र वसंतराव पवार!

आता त्या घराची अवस्था मनात आणा. आई थोरल्याच्या पक्षाची. सारे घर थोरल्याच्या प्रचारात. आणि धाकटा शरद, वय वर्षे एकोणीस, काँग्रेसचा कार्यकर्ता. त्याने काय करावे? भावासाठी काम करावे तर पक्षाशी अप्रामाणिकपणा होतो. पक्षासाठी काम करावे तर सख्ख्या भावाच्या विरुद्ध गावोगाव हिंडावे लागते. स्वस्थ बसावे तर दोन्हीकडून बोल. आपल्याकडे भाऊबंदकीने किती घरे मोडली याचे दाखले प्रत्येक गावात सापडतात. बांधाच्या वितीएवढ्या जागेसाठी भाऊ भावाचे तोंड पाहत नाही. येथे तर लोकसभेची जागा होती.

ही कोंडी फोडली ती वसंतरावांनी. धाकट्या भावाच्या मनाची ओढाताण त्यांनी ओळखली आणि त्याने ज्या विचारावर निष्ठा ठेवली आहे त्याच विचाराचे काम निःशंकपणे करावे, असे त्याला आपण होऊन सांगितले. आईनेही त्यास आडकाठी केली नाही. शरद काँग्रेसच्या प्रचारास निघाला. एका घरातून एक भाऊ मते मागण्यास बाहेर पडे आणि दुसरा भाऊ ती मते पहिल्यास देऊ नका असे सांगण्यास बाहेर पडे. गावकरी चकित झाले. काहींना हे नाटक वाटले असेल, काहींना घर फुटल्याचा आनंदही झाला असेल. निवडणुकीत गुलाबराव जेधे निवडून आले; वसंतरावांचा पराभव झाला. आईच्या मनाला तो पराभव लागला नसेल असे म्हणता येत नाही, कारण तो मुलाचा होता आणि पक्षाचाही होता. परंतु ज्याने विरुद्ध प्रचार केला त्या मुलाच्या वागणुकीवर तिने दोष ठेवला नाही, आणि भावाभावांतील प्रेमात अंतर पडले नाही. स्वतःचे मत मुलांवर लादावयाचे नाही, हे त्या माउलीने अनेक वर्षे पाळले होते. ते या एका निवडणुकीपुरते सोडून देणे तिला सुचले नाही.

याच वर्षी शारदाबाईंची कन्या सरोज हिचा विवाह प्राध्यापक एन. डी. पाटील यांच्याशी झाला. एन. डी. पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे निष्ठावंत व निःस्पृह नेते. त्यामुळे मुलगा काँग्रेसचा आणि जावई शेतकरी कामगार पक्षाचा, असे चित्र घरात कायमचेच झाले. मेहुणे-मेहुणे विधिमंडळात समोरासमोर उभे राहत, आणि सणावारी एकाच पंक्तीस जेवत. पुढे 1978 साली शरद पवार प्रथम मुख्यमंत्री झाले, त्या वेळी अनेक पक्षांचे मिळून आलेल्या त्यांच्या मंत्रिमंडळात एन. डी. पाटील यांनी सहकार खाते सांभाळले. हा योग पाहण्यास शारदाबाई हयात नव्हत्या. त्यापूर्वीच काही वर्षे त्यांचे देहावसान झाले होते. मुलगा 1967 साली बारामतीतून विधानसभेवर निवडून गेलेला मात्र त्यांनी पाहिला. ज्या पक्षाविरुद्ध आपण आयुष्याचा मोठा काळ मत बाळगले, त्याच पक्षातर्फे तो निवडून आला होता!

शारदाबाईंनी मागे काय ठेवले? जमीनजुमला म्हणाल तर तो बेताचाच. परंतु शेतीचे त्यांचे वेड आप्पासाहेबांनी उचलले. बारामतीच्या कोरडवाहू गावांत पाझर तलाव खोदणे, ठिबकाने पाणी देणे, नवी बियाणी व दुभती जनावरे शेतकऱ्यांपर्यंत नेणे, या कामास त्यांनी स्वतःस वाहून घेतले. बारामतीचा कृषी विकास प्रतिष्ठान हा न्यास 1971 साली स्थापन झाला, तो याच कामासाठी. कालव्याने ज्या गावांस टाळले होते, त्या गावांच्या वाट्यासही थोडे पाणी यावे ही त्यामागची धडपड होती. पावसाळ्यातील ओढ्याचे पाणी बांध घालून अडवावे, ते जमिनीत मुरू द्यावे आणि खालच्या अंगाच्या विहिरींस त्याचा पाझर फुटावा, इतकी साधी ही युक्ती. परंतु जिराईत गावांत ती फार मोलाची ठरली.

पवार घराण्यातील पुढच्या पिढ्यांतही अनेक जण राजकारणात आले, स्त्रियाही आल्या. त्यांच्या धोरणांविषयी लोकांत मतभेद झाले, वाद झाले, पक्ष जुळले आणि फुटले, घरातही मते फुटली. तो इतिहास वर्तमानपत्रांतून लिहिला गेला आहे आणि त्याचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु एक गोष्ट नोंदविली पाहिजे. शारदाबाई ज्या काळी लोकल बोर्डात गेल्या, त्या काळी स्त्री सभासद दुर्मीळ होती. महाराष्ट्र शासनाने 1994 साली स्त्रियांसंबंधीचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, तेव्हा मुख्यमंत्रिपदी त्यांचाच पुत्र होता. त्याच वर्षी राज्याने कायदा करून वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतका वाटा दिला. स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी आधी एक-तृतीयांश जागा राखून ठेवण्यात आल्या आणि 2011 सालापासून महाराष्ट्रात निम्म्या जागा राखण्यात आल्या. आज पुणे जिल्हा परिषदेच्या सभागृहात स्त्रिया सभासद म्हणून शिरतात तेव्हा कोणी माना वळवून पाहत नाही.

बारामतीजवळ माळेगावच्या शिवारात शारदानगर म्हणून एक वसाहत आहे. तेथे कृषी विकास प्रतिष्ठानाने मुलींसाठी महाविद्यालय उभारले असून त्यास शारदाबाईंचे नाव दिले आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या खेड्यापाड्यांतून सकाळी मुली दप्तरे सावरीत तेथे येतात. काही कालव्याकाठच्या बागाईत गावांतून येतात, काही जिराईत गावांतून. कित्येकींच्या आया तेव्हा शेतात खुरपणीस गेलेल्या असतात. फाटकावरचे नाव वाचून एखादी नवी मुलगी बरोबरच्या मैत्रिणीस विचारते, या शारदाबाई कोण? आणि वर्गाची घंटा होईपर्यंत तिला तीन दिवसांच्या बाळाची गोष्ट ऐकावयास मिळते.